शुक्रवारची सुरमई

फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गाला मेंदूचे भाग शिकवत होते. फळ्यावर मेंदू काढला होता. माझी चित्रकला बेताची, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने तो फ्लॉवरचा गड्डा होता. त्याच्या डाव्या अंगाला, कानाच्या जरा वर, खडूने गोल करून मी 'नावं इथून येतात' असं लिहिलं होतं. इतकं सोपं ते नसतं, पण बारावीला चालतं. शिपाईकाका दारात येऊन म्हणाले, "मॅडम, हापिसात फोन हाय. रत्नागिरीतनं कोण अशफाक म्हणून हायत." अशफाक म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, तस्नीमचा, धाकटा भाऊ. तासाला माझा मोबाईल बंद असतो हे त्याला माहीत, म्हणून त्याने कॉलेजचा नंबर शोधून काढला होता. "दीदी, आपा गेली. सकाळीच. दुपारी असरच्या नमाजनंतर नेणार, तुम्ही निघा," एवढंच बोलला. मी "बरं" म्हटलं. मग वर्गात परत गेले, खडू उचलला आणि तास पुरा केला. एका मुलीने शंका विचारली, तिला उत्तरही दिलं.

लोक म्हणतात, धक्का बसला की असं होतं... असेलही. मला धक्का बसल्याचं आठवत नाही. तिच्या आजाराला वर्ष होऊन गेलं होतं आणि शेवट कसा असणार हे आम्हा दोघींना पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण आमचा अभ्यासच तो. माणूस बोलतो, आठवतो, चिडतो, जीव लावतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं हे शिकायला आम्ही दोघी कोकण सोडून पुण्याला विद्यापीठात गेलो होतो. दुःख झालं की मेंदूचे कुठले भाग जागे होतात ते मी आजही धडाधडा सांगू शकते. माझे ते भाग त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे. तिला जाऊन आता दीड महिना होत आला, आणि हे लिहायला बसले आहे तीही कोरड्या ठणठणीत डोळ्यांनीच.

मी खेडजवळच्या गावातली. घरी भातशेतीचे चार कुणगे, थोडे काजू, आणि वडील लोट्याला केमिकलच्या कंपनीत शिफ्टला. तस्नीम रत्नागिरीच्या बंदरावरच्या मिरकरवाड्याची, तिचे वडील स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. म्हणजे जिल्हा एक, पण मी समुद्र वर्षातून एकदा बघायचे आणि ती डोंगर एसटीच्या खिडकीतून. होस्टेलच्या रेक्टरबाईंना एवढा फरक कुठला ठाऊक असायला? "दोघी रत्नागिरीच्या ना, मग राहा एकत्र," म्हणून त्यांनी आम्हाला एका खोलीत टाकलं. तस्नीमने बॅगसुद्धा उघडली नव्हती, मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "मच्छी खातेस ना गो?" मी म्हटलं, खाते. "मंग जमेल आपलं." ते जमलं ते असं जमलं की पुढे माझ्या नवऱ्याला लग्न ठरताना पहिली ताकीद देण्यात आली, ती तस्नीमशी जुळवून घेण्याची.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी वर्गात एकेकाला विचारलं, हा विषय का घेतलात? मुलांनी ठेवणीतली उत्तरं दिली. मी "आवड आहे" असं पुटपुटून खाली बसले. तस्नीम उभी राहिली आणि म्हणाली, "सर, माझा बाप कुठे गेला ते शोधायला आलेय." वर्ग हसला. सर हसले नाहीत. नंतर तिने मला सगळं सांगितलं. तिचे वडील म्हणजे गरीब गाय. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. ती शाळेत असताना बोटीवर जाळं ओढायच्या यंत्राचा दांडा सटकून त्यांच्या कपाळावर बसला. जखम भरली, माणूस उठून हिंडू-फिरू लागला, पण तो माणूस राहिला नाही. मयताच्या घरी मोठ्याने हसायचे, पाहुण्यांना तोंडावर शिव्या घालायचे, जेवता जेवता ताट भिरकावायचे. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे बायकोनेच डोक्यावर चढवून ठेवलाय. ताईत झाले, मन्नती झाल्या. ज्या दिवशी सरांनी वर्गात कपाळामागचा तो भाग दाखवला, जो माणसाला 'आत्ता नको, इथे नको' असं आतून सांगत असतो, त्या दिवशी तस्नीम तास संपल्यावरही जागची हलली नाही. मग खाली जाऊन तिने घरी फोन लावला. "मा, बाबा वाईट नाय गो झाला. त्याचा लगाम तुटलाय फक्त." पलीकडून तिच्या आईने काय उत्तर दिलं ते तिने मला हसत हसत सांगितलं होतं, डोळे पुसत : "मंग लगाम मिळतो कुठं, ते पण विचारून ठेव तुझ्या सरांना."

या आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत तस्नीम मला मिरकरवाड्याला घेऊन जायची. तिच्या घराच्या मागच्या दारातून बंदर दिसतं. सकाळी लिलावाचा आरडाओरडा, बर्फ फोडण्याचा आवाज, आणि मी त्या आवाजात कानात बोटं घालून अभ्यास करायचे. विद्यापीठात आम्हाला मेंदू प्लास्टरचाच मिळायचा, रंग उडालेला, आणि त्याचा एक तुकडा कायमचा हरवलेला. एकदा खालाने मसाल्यात परतायला बकऱ्याचं भेजं आणलेलं. तस्नीमने ते स्टीलच्या ताटलीत घेतलं आणि ओट्यावरच सुरीच्या टोकाने मला एकेक घडी दाखवायला लागली. माणसाच्या मानाने बकऱ्याच्या घड्या कमी का, मागचा छोटा गोळा तोल कसा सांभाळतो, सगळं. आम्ही दोघी ताटलीवर वाकलेल्या आणि खाला कढईपाशी ताटकळत उभी. शेवटी म्हणाली, "तुमचं बघून झालं असेल तर द्या गो बायांनो. कांदा करपतोय माझा." दुपारी तो अभ्यास आम्ही भाकरीबरोबर खाल्ला. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते.

अभ्यासातला दुसरा भाग मात्र खाण्यासारखा नव्हता. मेंदूला इजा झालेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासायची एक जुनी रीत आहे. त्याला एक छोटीशी गोष्ट सांगायची आणि लगेच परत सांगायला लावायची. मग दुसरंच काहीतरी काम द्यायचं, आकृत्या काढायला लावायच्या, गप्पा मारायच्या, आणि अर्ध्या तासाने, आधी काही न सुचवता, विचारायचं, "मघाशी एक गोष्ट सांगितली होती, आठवते?" खरी परीक्षा ती दुसऱ्यांदा विचारण्यात असते. या सगळ्यात विचारणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही, भुवई हलवायची नाही, आणि मान तर अजिबात डोलवायची नाही. समोरच्याला जराही आधार मिळाला तर आठवण त्याची की तुमची, हे कळत नाही.

तस्नीमला हे शेवटपर्यंत जमलं नाही. समोरचा माणूस अडखळला की तिचा जीव वर-खाली व्हायचा आणि त्याने एखादा शब्द बरोबर काढला की मान आपोआप डोलायची. "तस्नीम, तुझी मान पेपर फोडते," सर म्हणायचे आणि प्रात्यक्षिकाचे गुण कापायचे. उलट माझा चेहरा सर वर्गाला नमुना म्हणून दाखवत. "हिच्याकडे बघा. समोरचा रडला तरी हिची रेघ हलणार नाही." मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा. तस्नीम म्हणायची, "तुझा चेहरा म्हणजे रविवारचं पोस्ट ऑफिस हाय गो स्वाते. बाहेर कितीपण उभं राहा, खिडकी उघडत नाय."

विभागातल्या चाचणीतली गोष्ट परदेशातून भाषांतर होऊन आलेली होती; आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना ती ऐकतानाच झोप लागायची. म्हणून प्रबंधासाठी आम्ही दोघींनी आपली एक गोष्ट रचली. ती अशी : 'सुमनबाई शुक्रवारी सकाळी मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेल्या. त्यांनी एक सुरमई आणि सहा बांगडे घेतले. परत येताना ऊन लागलं म्हणून त्या पिंपळाखाली टेकल्या. पिशवी बाजूला ठेवली. तिथे एक काळं मांजर बसलं होतं. घरी येऊन बघतात तर पिशवीत बांगडे होते, सुरमई नव्हती.' बस, एवढीच. यातला शुक्रवार माझा. तस्नीम ते ऐकून खो खो हसली होती, कारण त्यांच्या बोटी जुम्म्याला समुद्रात जात नाहीत. मिरकरवाड्याच्या मुलीने असला शुक्रवार जन्मात घातला नसता. मी खोडायला निघाले तर म्हणाली, "राहू दे. तुझी आठवण म्हणून राहू दे. चुकीचा वार बरोबर डोक्यात बसतो."

पहिला प्रयोग अर्थातच खालावर. भांडी बाजूला सारून ती पदराला हात पुसत आमच्यासमोर बसली, गोष्ट ऐकली आणि परत सांगायला लागली. "एक बाई शनिवारी मच्छी घ्यायला गेली." तस्नीम म्हणाली, मा, शनिवार नाय. "मंग काय शुक्रवार? शुक्रवारी कोण गो मच्छी विकतंय तिला? शनिवारीच गेली असेल." बाईचं नाव काय, तर "असेल काहीतरी, मी कुठं बघितलीय तिला?" आणि शेवट : "सुरमई मांजरानं नेली." आम्ही तसं म्हटलंच नव्हतं. पण खालाच नव्हे, ज्या ज्या माणसाला आम्ही ती गोष्ट सांगितली त्यातल्या बहुतेकांनी सुरमई मांजराच्या तोंडात दिली. सरांचा नियम स्पष्ट होता : गोष्टीत नाही ते भरलं की चूक. त्या जागेचा गुण शून्य. मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, तिथे काहीतरी आणून बसवतो, आणि तपासणाऱ्याने ते ओळखायचं असतं. तस्नीम यावर सरांशी कडाकडा भांडली. "सर, ज्याला मांजर दिसतं त्याचं डोकं शाबूत आहे. आपण त्याला शून्य कसं द्यायचं?" सर म्हणाले, "शाबूत असेल, पण ती आठवण नव्हे." ती खोलीवर येऊन मला म्हणाली, "आठवण नव्हे तर काय मग? हवेतून आणलं का त्यांनी मांजर?" मी नियमाच्या बाजूने होते. मी नेहमीच नियमाच्या बाजूने असते.

पदवी मिळाली. मला खेडला कॉलेजात नोकरी मिळाली आणि लग्न, मुलगी, सासू असं रीतसर सुरू झालं. ती काही वर्षं पुण्यातच एका इस्पितळात रुग्णांच्या चाचण्या घेत होती. मग वडील गेले तशी ती रत्नागिरीला परतली. एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातली मागची खोली तिला दिली. एक टेबल, दोन खुर्च्या. खुर्च्या समोरासमोर नाहीत, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात. "समोर बसलं की मी पोलीस वाटते," म्हणायची. वाड्यावस्त्यांवरून म्हाताऱ्यांना घेऊन मुलं, सुना यायच्या. विसरतात, तेच तेच विचारतात, घराची वाट चुकतात. ती त्यांना आमचीच गोष्ट सांगायची. मी कधी गेले तर मागे स्टुलावर बसून बघायचे. आता गुण कापायला सर नव्हते, त्यामुळे तिची मान मोकाट सुटली होती. म्हातारी एखादी "सु... सु..." करायची आणि ही आपली डोलवतेय मान, झाडावर चढणाऱ्या पोराकडे आई बघते तशी. मी बाहेर आल्यावर झापायचे. अगं, तुझे आकडे सगळे फुगलेले असणार. तर म्हणाली, "मान डोलवली म्हणून गेलेली आठवण परत येत नाय स्वाते. पण माणूस जरा जास्त वेळ शोधत बसतो. तेवढंच."

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिचा फोन आला. "एक गंमत ऐक. सकाळी मला किल्ली म्हणता येईना. हातात किल्ली हाय, ती कशाला वापरतात ते ठाऊक हाय, आणि नाव नाय." अशा वाक्याचा अर्थ आम्ही इतक्या वेळा उत्तरपत्रिकेत लिहिला होता की एकमेकींना सांगायची गरज नव्हती. एमआरआय झाला. डॉक्टरांनी बोलावण्याआधीच तिने पडद्यावर बघून घेतलं होतं. "डावीकडे, कानाच्या वर," मला म्हणाली. "दरवर्षी यायचा बघ तो प्रश्न." मुंबईला ऑपरेशन झालं, पुढचे सगळे सोपस्कार झाले. गाठ पुन्हा वाढली.

मग नावं जायला लागली. पुस्तकात लिहिलंय त्याच क्रमाने, आज्ञाधारकपणे. आधी वस्तूंची, मग जागांची, मग माणसांची. मी बहुतेक रविवारी जायचे. सुरुवातीला मी 'स्वाते' होते. नंतर 'खेडवाली'. नंतर 'ती... ती ही...' आणि पुढे नुसताच हात हलायचा. मी हे सगळं आतल्या आत टिपत होते, सवयच ती. नाव जाणं आणि ओळख जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. नाव गेलं तरी माणूस आत ओळखीचा असू शकतो. असू शकतो. पण असतोच असं नाही. आणि मला दुसरं काही नको होतं, ती बरी व्हावी हे मागण्याइतकी मी अडाणी नव्हते. फक्त खाटेपाशी बसलेली ही बाई कोण आहे हे तिला माहीत आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं. खाला म्हणायची, "ओळखते गो तुला, बघ, डोळे फिरवले." सगळ्या रुग्णांच्या सगळ्या आया असंच म्हणतात. मी त्यांच्याकडे कोऱ्या चेहऱ्याने बघत आलेली आहे.

शेवटची भेट रत्नागिरीच्याच एका इस्पितळातली, एका रविवारची, संध्याकाळच्या भेटीच्या वेळेतली. खाला उशाशी होती. तस्नीमने माझ्याकडे बघितलं, मग सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. दोन्हीकडे सारखंच. मी खुर्ची ओढून काटकोनात बसले. दुसरी कुणी मैत्रीण असती तर हात हातात घेतला असता, दोन आसवं गाळली असती, काहीतरी शेवटचं बोलली असती. मला सुचलं काय, तर मी तिला गोष्ट सांगितली. सुमनबाई शुक्रवारी सकाळी मिरकरवाड्याला... शेवटपर्यंत, चाचणीत सांगतात तशी, एका संथ सुरात. मग म्हटलं, "आता तू सांग." तिने ओठ हलवले. मग "सुरमई" म्हणाली. "पुढे?" पुढे काही आलं नाही. खाला माझ्याकडे टकामका बघत होती. या पोरीला वेड लागलंय की काय, असं तिला वाटलं असणार. मी तस्नीमचे केस विंचरले, पाणी पाजलं, मुलीच्या शाळेचं काहीबाही सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायच्या आधी मधला वेळ जाऊ द्यावा लागतो, तो जाऊ देत होते. तेवढ्यात सिस्टर आल्या. "चला, वेळ संपली, पेशंटला आराम करू द्या." मी उठले. म्हटलं, विचारू पुढच्या रविवारी.

पुढचा रविवार आला नाही. अशफाकच्या फोननंतर मी मिरकरवाड्याला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. आतल्या खोलीत बायका होत्या. खालाने कापड बाजूला करून मला तोंड दाखवलं. मी बघितलं आणि माझ्या मनात एकच आलं : हिचा चेहरा कोरा आहे. आयुष्यात पहिल्यांदा हिला जमलं. मग पुरुष तिला घेऊन गेले. मला कुणीतरी चहा दिला, तो मी प्यायले. संध्याकाळच्या गाडीने घरी आले, कुकर लावला. त्या दिवसापासून मी अशीच आहे. खाते, पिते, शिकवते, पेपर तपासते. नवरा म्हणतो, एकदा रडून घे. जणू काही नळ आहे आणि मीच मुद्दाम बंद ठेवलाय. माझा चेहरा वर्षानुवर्षं मी लोकांसमोर कोरा ठेवत आले. तो आता आतूनही कोरा झाला असावा.

तिच्या चाळिसाव्या दिवसाला खालाने आवर्जून बोलावलं. कुराणाचं वाचन झालं, जेवणं झाली, नातेवाईक पांगले. अशफाक बंदरावर गेला. मी आणि खाला मागच्या दारात बसलो. खाली बोटींचं सामान चढत-उतरत होतं. खाला तांदूळ निवडत होती, निवडायची काही गरज नसताना. एकाएकी म्हणाली, "तू त्या दिवशी तिला काय विचारून गेलीस गो बाय? तू गेलीस आणि ती स्वस्थ पडेना. दरवाजाकडे बघत होती. मंग बोलायला लागली."

"काय बोलली?"

"तीच तुमची मच्छीची गोष्ट. मला वाटलं बरळतेय, म्हणून मी कोणाला बोलले नाय."

मी सावरून बसले. आवाज माझा नव्हता, परीक्षा घेणाऱ्या बाईचा होता. "खाला, ती जशी बोलली तशीच सांगा. तुमच्या मनाचं काही घालू नका."

"माझ्या मनाचं कशाला घालीन?" खाला जरा दुखावली. मग सूप खाली ठेवून आठवून आठवून सांगू लागली. "एकेक शब्द तोडून तोडून बोलत होती हां. शुक्रवारी बोलली. मी म्हटलं, अगो बाय, आता तरी शनिवार कर. नाय केला. शुक्रवारीच. सकाळी. मच्छी आणायला. सुरमई घेतली. झाडाखाली बसली. घरी गेली तर सुरमई नाय. आणि मंग झोपली."

"मांजर?"

"मांजराचं काय बोलली नाय."

मी मनात खुणा करत होते. वार बरोबर, म्हणजे ही खालाची आठवण नव्हे, खालाने शनिवारच म्हटलं असतं. वेळ बरोबर. सुरमई, झाड, घरी गेल्यावर सुरमई नसणं बरोबर. बांगडे नाहीत, पण एकही भर नाही. पहिल्यांदा नुसता एक शब्द आणि नंतर एवढं सगळं, असं चाचणीत सहसा होत नाही. पण त्या आजारात काही घटका मधूनच स्वच्छ येतात, तेही आम्ही शिकलो होतो. एक जागा राहिली होती. मी विचारलं, "कोण गेली, खाला? मासळी आणायला कोण गेली?"

"कोण म्हंजे? तू."

"मी?"

"स्वाती बोलली की. पहिला शब्दच तो. किती वेळ स्वा... स्वा... करीत होती बिचारी. मंग बोलली, स्वाती शुक्रवारी मच्छी आणायला गेली." खालाने माझ्याकडे निरखून बघितलं. "मला वाटलं, गोष्टीत तूच हायस. नाय काय?"

गोष्टीत सुमनबाई आहेत. गोष्टीत नाही ते भरलं की चूक. त्या जागेचा गुण शून्य. समोर सर असते तर त्यांनी तसंच लिहिलं असतं, आणि मीही आजवर कित्येकांना तसंच लिहिलं आहे. मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, तिथे काहीतरी आणून बसवतो.

खाली कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं. खालाने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण हात तांदळात तसाच राहिला. "बरोबर सांगितली ना गो तिनं?" तिने विचारलं. "सांग की. बरोबर होती ना?"

बरोबर-चूक सांगायचं नसतं. भुवईसुद्धा हलवायची नसते. माझे डोळे अजून कोरडेच होते. मी खालाकडे बघत मान डोलवली. मग पुन्हा डोलवली. ती थांबेचना.